भोरीची अर्धल

आमच्याकडं म्हैस अर्धलीनं देतात. ज्याच्याकडं रेडी आहे पण सांभाळायचा कंटाळा आहे, त्यानं ती दुसऱ्याच्या दावणीला बांधायची. सांभाळणाऱ्यानं वैरण घालायची, शेण काढायचं, दुखणंखुपणं बघायचं, वेळेला डॉक्टर बोलावून भरवून घ्यायची. रेडीची म्हैस झाली, पहिल्यांदा व्याली, की बाराव्या दिवशी बैठक. बैठकीत देणाऱ्यानं जनावराची किंमत बोलायची आणि सांभाळणाऱ्यानं निवडायचं. जनावर ठेवायचं असेल तर त्या किमतीच्या निम्मे पैसे देणाऱ्याला द्यायचे. सोडायचं असेल तर तेवढेच निम्मे त्याच्याकडून घ्यायचे. कमी बोलला तर जनावर जातं, जास्त बोलला तर खिसा फाटतो. म्हणून माणूस खरं बोलतो. खरं बोलायची हौस आहे म्हणून नव्हे, दुसरी वाट नाही म्हणून. आणि जे काय द्यायचं ते त्याच बैठकीत, रोख नाहीतर वस्तूत. अर्धलीला उधारी चालत नाही.

ही चाल कुठं लिहिलेली नाही. गावात येऊन टॅबवर बोट फिरवत ‘तुमच्या कुटुंबाचे उत्पन्नाचे स्रोत किती’ असं विचारणाऱ्यांच्या कुठल्या रकान्यातही ती बसत नाही.

आमचं गाव इस्लामपूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर. तिन्ही बाजूंनी ऊस. ऊस असलेला माणूस गावात माणूस. बाकीचे हजेरीपटावर.

सुलाबाई हजेरीपटावरची. जमीन नाही. होती दीड एकर, ती नवऱ्यानं फुंकली आणि बारा वर्षांमागं तो निघून गेला. कुठं गेला विचारू नका. मेला नाही एवढं नक्की, कारण मेला असता तर कोणीतरी कागदावर अंगठा मागायला आलं असतं. लेक अंकिता, ती कवठेमहांकाळला दिली. घरात सुलाबाई एकटी. तिचे धंदे पाच. पहाटे दूध डेअरीचे कॅन धुवायचे. दिवस उगवला की कुणाच्या तरी रानात खुरपायला जायचं. दुपारी चार शेरडं घेऊन ओढ्याला. दिवस मावळला की गोधड्या शिवायच्या. आणि उन्हाळ्यात दीड-दोन महिने लेकीकडं राहून तिकडच्या बेदाण्याच्या शेडवर काड्या निवडायच्या. बोटं चिकटून बसतात, पाठ मोडते, पण रोज मिळतो.

मागच्या साली ग्रामपंचायतीत कसलासा मेळावा झाला. साहेब आले. शेतकऱ्यानं एकाच पिकावर अवलंबून राहू नये, उत्पन्नाच्या वाटा वाढवाव्यात, असं तासभर बोलले. मग विचारलं, गावात असं कोण आहे का? सरपंचानं सुलाबाईला पुढं काढली. पाच धंदे म्हटल्यावर साहेबांचे डोळे चमकले. तिला नारळ, शाल आणि प्रमाणपत्र दिलं. फोटो काढला. ‘बहुविध उत्पन्नाची आदर्श महिला.’ टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळे एकधंदेवाले होते. साहेब स्वतः एका पगारावर जगत होते.

सुलाबाई शाल घेऊन घरी आली आणि शेजारच्या हौसाला म्हणाली, “पाच धंदं केल्याबद्दल शाल दिली. एकात भागलं असतं तर कशाला पाच केलं असतं, त्ये कुनी इचारलं न्हाई.”

तिला एक धंदा पाहिजे होता. एकच. दारात उभा राहणारा. तो म्हणजे भोरी.

भोरी तीन वर्षांमागं तिच्या दारात आली ती आकाराम मेजरच्या घरून. आकाराम फौजेतनं नाईक म्हणून परत आला, गावानं त्याला मेजर केलं. आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याचा ऊस तीन एकर. आकारामच्या घरात पैसा चार वाटांनी येत होता. पेन्शन महिन्याला. खंडाळ्याकडच्या एका कंपनीत कंत्राटावर असलेल्या जयराजचा, म्हणजे पोराचा, पगार महिन्याला. बायको राहीबाईच्या दोन म्हशींच्या दुधाचे दर दहा दिवसाला. आणि ऊस पंधरा महिन्यांतनं एकदा, तोही तोडकऱ्यांची मर्जी झाली तर. किराणा, लाईटबिल, दवाखाना, जयराजच्या गाडीचं पेट्रोल, सगळं दुधावर. उसाच्या लागणीचं खतसुद्धा दुधावर. पण आकारामला कोणी विचारलं, काय करता? तर छाती पुढं. “ऊस हाय आपला.” दूध म्हणजे बायकांचं किरकोळ.

राहीबाईच्या थोरल्या म्हशीची रेडी, तीच भोरी. तिची आई ताप येऊन गेली तेव्हा ही सव्वा महिन्याची. आकाराम म्हणाला, हिला बाजारात सोडून येतो. राहीबाईनं तोवर दावं सोडून रेडी सुलाबाईच्या घरी नेली होती. दावं तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, “अर्धलीनं घे. जगली तर दोघींचं नशीब.” आकाराम हसला होता. “ने की. मरायची त्ये तितं मरंल.”

ती जगली. सुलाबाईनं तिला बाटलीनं पाजलं. कारखाना सुरू झाला की तोडीच्या फडातनं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, डोक्यावरनं आणून टाकले. पेंड उचलताना स्वतःच्या चहातली साखर बंद केली. मऱ्हाटीत याला जिद्द म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही. तिला दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं म्हणून तिनं हे केलं.

जानेवारीत भोरी व्याली. रेडीच झाली. आठव्या दिवशी दोन वेळचं मिळून बारा लिटर भरलं. डेअरीवर माप घालणाऱ्यानं दोनदा काटा बघितला.

सुलाबाईनं हिशोब बोटांवर केला. पेंड-भुसा काढून भोरी एकटी तिला तिच्या पाची धंद्यांएवढं देत होती. म्हणजे खुरपणं बंद. बेदाणा बंद. भोरी आपल्याकडं राहिली पाहिजे, एवढंच. बचतगटात तिचे अडतीस हजार साठले होते. त्यापुढं एक रुपया नव्हता.

बैठकीच्या तीन दिवस आधी ती किटलीतनं भोरीचं दूध घेऊन राहीबाईकडं गेली. राहीबाई मागच्या परड्यात शेवग्याच्या शेंगा निवडत बसली होती. पुढच्या अंगणात जिथं गोठा होता तिथं आता लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक घातले होते. गोठा दिवाळीत पाडला. दोन्ही म्हशीही दिवाळीतच विकल्या, पैसे ब्लॉकमध्ये गेले.

“वैनी, दूध आणलंय.”

“बस की. आता आणलंयस तर चहा बी पिऊन जा.”

“चहा ऱ्हाऊ द्या. एक बोलायचं हुतं.”

“ठावं हाय मला काय बोलायचं हाय.”

सुलाबाई तरी बोललीच. “दावं तुमी माझ्या हातात दिलंय. मेजरनी न्हाई. म्हंजी बोलायचं तुमी.”

“व्हय.”

“ऐंशीच्या आत बोला वैनी. माझ्याकडं अडतीस हाय. दोन कुठनं बी करीन.”

राहीबाईनं शेंगा बाजूला सारल्या. “बारा लिटर देतीया म्हनं.”

“देतीया.”

“मग ऐंशीला कोन देतंय गं अशी म्हस? तूच सांग. तू इकशील का ऐंशीला?”

सुलाबाई किटलीचं झाकण फिरवत राहिली.

“सुले, तुला खोटं सांगत न्हाई. मलाबी पायजे ती. माझ्या दोन इकल्या ह्यांनी. दहा दिसाला माझ्या हातात पैसं यायचं. आता दळणाला सुट्टं मागायला लागत्यात. सत्तर रुपयं. तीस वर्सं म्या ह्या घरात दूध घातलं, आन आता सत्तर रुपयं मागतीया.”

“माझं काय हाय मग?”

“तुला निम्मं मिळंल की रोख.”

“रोख घिऊन काय करू? रोख संपतंय वैनी. म्हस ऱ्हातीया.”

“त्येच तर म्हनतीया मी.” राहीबाई हसली, पण हसण्यासारखं काही नव्हतं. “आपल्या दोघीला एकच कळलंय, म्हणून तर भांडाण हाय.”

सुलाबाईनं किटली तिथंच ठेवली आणि उठली. भांडण झालं नाही. भांडायला दोघींकडं वेळ नव्हता.

आता गोठा का पाडला ते सांगायला पाहिजे. जयराजचं लग्न. बत्तीस वय. नऊ मुली बघून झाल्या. मध्यस्थ तात्याबा, पलीकडच्या गावचा. सोयरिकी जुळवणं हाच त्याचा जोडधंदा आणि गावातल्या कुठल्याही उसापेक्षा तो बरा चालतो. त्यानं आकारामला स्पष्ट सांगितलं होतं, “मेजर, आजकाल पोरीवाली ऊस बघत न्हाईत. पयलं इचारत्यात, शेण काढाय लागंल का? गोठा दिसला की चहा न पिता उठत्यात.”

म्हणून गोठा गेला. जे घर दुधावर चालत होतं ते चांगलं दिसावं म्हणून दूध बंद केलं. ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो, आणि ती करून वर गावाला पेव्हर ब्लॉक दाखवत फिरू शकतो. दिवाळीपासून घर पेन्शनवर आणि जयराजच्या पगारावर होतं. डिसेंबरात जयराजला कंपनीनं महिन्याभराचा ब्रेक दिला. कंत्राटाला देतात तसा. ऊस अजून उभा. तरी आकारामचा आवाज तोच.

कराडकडचं एक स्थळ रविवारी घर बघायला येणार होतं. बैठक शुक्रवारी. बाराव्या दिवसाला इकडंतिकडं करता येत नाही.

शुक्रवारी सकाळी आकाराम दाढी करता करता म्हणाला, “आज मी सत्तर म्हणणार हाय.”

“कशाचं?” राहीबाईनं विचारलं. ठाऊक असून.

“त्या म्हशीचं. सत्तर म्हटलं की सुली झटक्यात घेती. आपल्याला पस्तीस रोख, आन ब्याद तिच्या दारात. परवा माणसं यायची, दारात जनावर नगं.”

“बाजारात सव्वा लाखाला जाईल ती.”

“तुला काय कळतंय बाजारातलं? फौजेत खच्चर बघितल्यात मी. जनावराची किंमत मला शिकवू नगंस.”

“खच्चर किती लिटर देतंय?”

आकारामला वस्तरा लागला. त्यानं तुरटी मागितली. राहीबाईनं आणून दिली.

बैठक डेअरीच्या कट्ट्यावर, साडेपाचला. पंच वर्धमानअण्णा. पेंडेचं दुकान त्यांचं, वर ऊस आठ एकर. जैन माणूस, बोलणं मोजकं, मापात कुणाला कधी फसवलं नाही अशी ख्याती. दुकानाचा नफा उसापेक्षा जास्त आहे हे ते उघड सांगतात, त्यामुळं ऊसवाले त्यांना थोडं वचकून असतात. बसता बसता त्यांनी आभाळाकडं बघितलं. “लवकर उरका रं. दिवस बुडायच्या आत मला जेवायला लागतंय. तुमच्या म्हशीपायी उपास घडवू नका.”

भोरी कट्ट्याखाली बांधली होती. जमले होते पंधरावीस जण. अशी करमणूक फुकटात मिळत नाही. तात्याबाही आला होता, रविवारचं ठरवायला.

आकाराम मांडी घालून बसला आणि घसा साफ केला. “मी बोलतो.”

“थांबा,” वर्धमानअण्णा म्हणाले. “दावं कुणी दिलं?”

“आमच्या घरातनंच की.”

“घरातनं कोणी?”

“आता घरातलं म्हंजी माझंच की अण्णा.”

“तुमी फौजेत हुता मेजर. तितं बंदूक सरकारची आन बोट तुमचं. नेम चुकला तर शिव्या कुनाला? तसं हाय ह्ये. दावं ज्यानं हातात दिलं, बोलायचा मान त्येचा.” त्यांनी सुलाबाईकडं बघितलं. “कुणी दिलं बाई?”

“वैनींनी.”

माणसं हसली. कुणीतरी मागनं म्हणालं, “मेजर, अटेन्शन!” आकारामनं मागं वळून बघितलं, तोवर बोलणारा गर्दीत मिसळला होता.

राहीबाई डेअरीच्या दाराशी उभी होती. बायका बैठकीला येतात, कट्ट्यावर बसत नाहीत. तिनं पदर सारखा केला. आकाराम तिच्याकडं बघून आवाज न करता, नुसत्या ओठांनी ‘सत्तर’ म्हणत होता. लांबनंही ते दिसत होतं.

“एक लाख वीस हजार,” राहीबाई म्हणाली.

किंमत खरी होती. जास्त नाही, कमी नाही. जनावरातलं कळणाऱ्यांनी माना डोलावल्या. आकारामच्या कपाळावरची शीर वर आली. सुलाबाईनं आता पैसे घेतले तर साठ हजार त्यानं इथं, आत्ता, मोजून द्यायचे. वर म्हैस त्याच्या पेव्हर ब्लॉकवर. परवा रविवार. त्याच्याकडं सहा हजारही नव्हते. पेन्शन एक तारखेला आली होती आणि एक तारखेलाच गेली होती. गावासमोर हे निघालं असतं तर ऊस, मेजरकी आणि तात्याबा तिन्ही एकदम गेली असती.

राहीबाईला हे ठाऊक होतं का? होतं. घरात किती आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी तिनं खरं सांगितलं. तिला म्हैस पाहिजे होती आणि पैसे कुठनं आणायचे ते ज्यानं गोठा पाडला त्यानं बघावं, असं तिला वाटलं असणार. तिनं तोंडानं असं काही सांगितलं नाही.

“बोल सुलाबाई,” वर्धमानअण्णा म्हणाले. “जनावर का पैसा?”

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. डेअरीचे कॅन धुणारी बाई साठ हजार कुठनं आणणार? पैसाच घेणार. शहाणपणाचंही तेच होतं. साठ हजार म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या गोधड्या.

सुलाबाई भोरीकडं बघत नव्हती. खाली बघत होती.

“जनावर,” ती म्हणाली.

“साठ द्यायला लागतील. आत्ता.”

तिनं पिशवीतनं गटाच्या पासबुकाबरोबर पैसे काढून कट्ट्यावर ठेवले. “अडतीस हायत. सकाळी काढून आणल्यात.”

“आन बाकीचं?”

“वस्तूत चालतंय नव्हं?”

“चालतंय.”

“माझी शेरडं हायत. चार. दोन गाभण, एक तरणी पाट, एक बोकड. ती वैनीला.”

वर्धमानअण्णांनी दोन्ही हात वर केले. “नाही बाई. वस्तूची किंमत पंचानं करायची, पण शेरडांची मी करणार नाही. ती शेवटी कुठं जातात ते मला माहीत आहे. आमच्या घरात ते पाप चालत नाही. दुसरं काही सांग. भांडी, पितळ, काही.”

“भांडी न्हाईत अण्णा. जर्मनची हायत.”

“मग अडलं.”

खरंच अडलं. पंच किंमत करीना आणि दुसरा पंच नेमायचा तर दोन्हीकडची संमती पाहिजे. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला होता. चार शेरडांचे बावीस हजार म्हणजे जास्तच होतं. बाजारात सोळा आली असती, फार तर सतरा. हे तिला माहीत होतं, राहीबाईला माहीत होतं, तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बाप्यांना नव्हतं. ऊसवाला माणूस शेळीकडं बघत नाही.

“वैनी,” सुलाबाई म्हणाली, “तुमी सांगा किंमत.”

राहीबाईनं तोंड उघडलं. ती सतरा म्हणाली असती. खरं सांगायची तिला आता चटक लागली होती. सतरा म्हणाली असती तर पाच कमी पडले असते आणि म्हैस गेली असती.

“मी करतो किंमत!” आकाराम उठून उभा राहिला.

वर्धमानअण्णांनी त्याच्याकडं बघितलं. “तुमाला शेरडातलं कळतंय?”

“न कळायला काय झालं? राजस्थानला हुतो मी पाच वर्सं. तितं शेरडाबिगार काय हुतं?”

“सुलाबाई, मेजरनं केलेली किंमत तुला चालंल?”

“चालंल,” सुलाबाई म्हणाली.

“राहीबाई?”

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. पस्तीस वर्षांत तिनं त्याला एवढा घाबरलेला बघितला नव्हता. “ह्यांची किंमत मला चालंल,” ती म्हणाली.

“बावीस!” आकाराम म्हणाला. विचारसुद्धा न करता. लिलावात बोली लावल्यासारखा. “बावीस हजार. झाले साठ. मिटलं. म्हस तिची.”

मागनं एक म्हातारी फसकन हसली. “आगं बाई, साडेपाच हजाराला एक शेरडू! मेजर, माझी बी घ्या की दोन.”

पण शब्द पडला होता. वर्धमानअण्णांनी सौदा मिटल्याचा गूळ दोघींच्या हातावर ठेवला आणि उठले. “झालं. आता मला जेवू द्या.”

आकारामनं रुमालानं मान पुसली, अडतीस हजार उचलायला हात पुढं केला. राहीबाईनं ते आधीच उचलले होते.

“आण इकडं.”

“दावं मी दिलंय,” राहीबाई म्हणाली. नोटा कमरेच्या पिशवीत गेल्या.

मग तात्याबा म्हणाला, आणि तोवर ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, “मेजर, म्हस गेली त्ये ब्येस झालं. पण ही शेरडं परवा कुठं बांधायची?”

आकारामचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हैस तरी म्हैस होती. उसाच्या घरात एखादी म्हैस खपते, मुऱ्हा जातीची आहे, शौक आहे म्हणता येतं. शेरडं म्हणजे थेट गावकुसाकडची गोष्ट. त्यातला बोकड तर असा वास मारायचा की ओढ्याच्या पलीकडनं कळावं.

“शेरडं?” तो म्हणाला. “माझ्या दारात?”

“दारात न्हाई. माझ्या परड्यात,” राहीबाई म्हणाली.

“ती परवा लोकं...”

“लोकांना सांगा, ह्या घरात बाई शेरडं राखती आन तिचं पैसं तिच्याजवळ ऱ्हात्यात. त्यांच्या पोरीला पटलं तर यील. न्हाई पटलं तर दहावी झाली म्हणायची.”

तात्याबानं कान खाजवला. त्याच्या दलालीचा प्रश्न होता. “बघू,” तो म्हणाला, “सांगून बघू. आजकालच्या पोरींचा नेम न्हाई. कुणाला पटंल बी.”

कराडकडची माणसं रविवारी आली. चहा पिऊन गेली. काय ते कळवतो म्हणाली, अजून कळवलं नाही. बोकड राहीबाईनं मंगळवारी विकला आणि दळणाला कोणाकडं सुट्टे मागितले नाहीत.

सुलाबाईकडं एकच धंदा राहिला. आता कोणी साहेब आला तर तिला शाल मिळणार नाही, उलट दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. एका जनावरावर सगळं ठेवलंय, उद्या त्याला काही झालं तर? हे तिला कळत नाही असं साहेबांना वाटेल. तिला चांगलं कळतं. भोरीच्या कासेला हात लावताना तिला रोज भीती वाटते. ती भीती तिनं विचार करून विकत घेतली, चार शेरडं आणि अडतीस हजार मोजून.

सोमवारी तिनं डेअरीत सांगितलं, कॅन धुवायला दुसरी बघा. खुरपणीच्या मुकादमिणीला सांगितलं, माझं नाव काढ. लेकीला फोन केला, औंदा बेदाण्याला यायची नाही. अंकिता म्हणाली, आये बरी हाईस नव्हं? बरी हाय, म्हणाली.

सकाळची धार झाली. वैरण टाकली. शेण काढलं, रेडी पाजली, भांडी घासली. दिवस डोक्यावर आला. संध्याकाळच्या धारेला चार तास होते आणि चार तासांत करायला काही नव्हतं. सुलाबाई दारात उभी राहिली. ओढ्याकडं बघितलं. तिकडं न्यायला काही नव्हतं. घरात आली, गोधडीचं टाक्याचं काम हातात घेतलं, ठेवून दिलं. मग तिनं जमिनीवर तरट टाकलं आणि आडवी झाली.

तीनच्या सुमाराला शेजारची हौसा हाक मारत आली. दार उघडं, सुलाबाई भरदिवसा पाय पसरून निजलेली. हौसा घाबरली. तिनं खांदा हलवला.

“सुले! आगं सुले! काय झालं? ताप आलाय व्हय? डॉक्टरला बोलवू का?”

सुलाबाईनं डोळे उघडले. कुठं आहोत ते कळायला तिला थोडा वेळ लागला.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “झोपली हुती.”

“आत्ता? दुपारचं?”

“व्हय.”

हौसाला ते पटलं नव्हतं. तिनं कपाळाला हात लावून बघितलं. गार होतं.

“जा तू,” सुलाबाई म्हणाली, आणि कूस बदलली. “साडेचारला उठव.”